तात्यासोंची इंग्रजी क्षमा

तात्यासोंचं कोल्हापुरात बी-बियाण्यांचं दुकान. बासष्टाव्या वर्षी त्यांना इंग्रजी शब्दांचं वेड लागलं. साधेसुधे नव्हेत, चांगले भारी भारी. रोज पाच शब्द वहीत उतरवायचे आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर चालवायचे. गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं, त्याला बियाणं घेऊन लवकर गाव गाठायचं असायचं.

वेडाचं मूळ म्हणजे मुलाची, वृषभची सासुरवाडी. मंडळी पुण्याची, घरातसुद्धा इंग्रजी बोलणारी. साखरपुड्यात तात्यासोंची थोरली बहीण अक्काताई गावच्या बोलीत विहीणबाईंशी गप्पा मारायला लागली, तर तात्यासो चारचौघांत म्हणाले, "अक्का, तू गप बस. तुला काय कळतंय?" ती जेवायच्या आधीच आपल्या घरी, आजऱ्याला निघून गेली. वर्षभर बोलणं बंद. तात्यासोंना ते आतून खात होतं, पण कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

पर्युषण संपलं, क्षमावणी आली. या दिवशी जैन माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन हात जोडतो, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. तात्यासोंनी आजऱ्याला जायचं टाळलं. वहीतले निवडक शब्द गुंफून बारा ओळींचा इंग्रजी मजकूर रचला आणि मोबाइलवरून नव्वद जणांना धाडला. त्यात अक्काताईही आली. विहीणबाईंनी कौतुक कळवलं, तेव्हा तर स्वारी हवेतच होती.

तिसऱ्या दिवशी अक्काताई दुकानात हजर. हातात मोबाइल, पिशवीत आधार कार्ड. तिनं तो मजकूर गल्लीतल्या चार शिकलेल्यांना दाखवला, पण कुणालाच त्याचा अर्थ धड लागला नव्हता.

"हक्कसोडीचा कागद हाय न्हवं?" ती म्हणाली. "मला शेतातला वाटा नको. सही कुठं करू सांग. पर भावानं बहिणीला नोटीस धाडावी व्हय, तात्या?"

तात्यासोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोटीस नव्हे, क्षमा मागितली आहे, एवढंच ते कसंबसं बोलले. अक्काताईचा चेहरा एकदम उजळला. मराठीत सांग म्हणाली आणि स्टुलावर बसली. तात्यासो एकेका ओळीचा अर्थ सांगू लागले. नकळत घडलेले अपराध, अंतःकरणाचं औदार्य, असं बरंच होतं. ती मन लावून ऐकत होती.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?"

तात्यासोंनी मजकूर पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"न्हाय, अक्का. सगळ्यांना एकच धाडलंय."

लाजेनं त्यांना मान वर करवेना. अक्काताई उठली, मोबाइल पिशवीत टाकला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला आजऱ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारू लागली.