काकांचा अंतरपाट

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवर गाडीवरचा बर्फ खरवडत होते. "अगं, हे गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "तू सावकाश ये, रस्ते निसरडे झालेत." नवरा गेल्याचं सांगतानाही त्यांना माझ्या गाडीची काळजी... मला रडू यायच्या आधी राग आला. काकूंचा नाही, आमच्याच लोकांचा. काही आठवडे उलटले तरी तो उतरलेला नाही. तेव्हा हा लेख फार गोड होणार नाही, आधीच सांगून ठेवते.

वसंतकाका मिशिगनमधल्या नोव्हाय गावचे. व्यवसायानं इंजिनिअर, गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचे; पौरोहित्य शनिवार-रविवारी. सांगलीला वडिलांकडून शिकलेलं सगळं तोंडपाठ होतं. दक्षिणा घेत नसत, पण मठ्ठा पातळ झाला असेल तर यजमानांच्या तोंडावर सांगत. वडिलांच्या रेशमी उपरण्याचा एकच अंतरपाट त्यांच्याकडे होता. लग्नाच्या सकाळी ते त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे आणि नंतर काकू तो हलक्या हातानं धुवायच्या. आमच्या ओळखीतली निम्मी जोडपी त्या कापडाआडून एकमेकांना पहिल्यांदा दिसली. आधी दोन-तीन वर्षं एकाच अपार्टमेंटमध्ये राहत होती, ते सोडा.

माझी केतकी इथेच जन्मली. रेचलशी लग्न करणार म्हणाली तेव्हा आम्ही दोघं थोडे गडबडलो, मग सावरलो. रेचल आमच्याकडे वर्षानुवर्षं जेवायला येत होती, तिला नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. पण केतकी पुढे म्हणाली, "आई, मला रियल वेडिंग हवंय. अंतरपाट अँड एव्हरीथिंग." मी काकांकडे गेले ती नकार ऐकायच्या तयारीनं. काकांनी चिवड्याची बशी शांतपणे संपवली आणि विचारलं, "रेचलला मामा आहे का?"

"मामा?"

"दोघी नवऱ्या मुली. दोघींच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा. आणि गौरीहर दोघी पुजतील, गौरीला काय हरकत असणार आहे?"

रेचलचा मामा ओहायोहून आला. सहा फुटांचा माणूस डोक्यावर मानाची टोपी सांभाळत, कोणी हलायला सांगेपर्यंत हललासुद्धा नाही.

लग्नासाठी बुक केलेला देवळाचा हॉल मात्र हातचा गेला. आमचं मराठी लोकांनी मिळून उभं केलेलं छोटं देऊळ, त्याच्या फरशा बसवायला आम्हीही गुडघे टेकलेले. पत्रिकेवर दोन मुलींची नावं दिसली आणि कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "वहिनी, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही. पण लोकांच्या भावना असतात ना. बुकिंग कॅन्सल केलंय. आणि हे आमचं रिलिजस फ्रीडम आहे, तुम्ही केस केलीत तरी..." केस करायचं कोणाच्या मनात होतं? शाळेला दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून बोर्डासमोर सिव्हिल राइट्सवर भाषण ठोकणारे गृहस्थ हेच. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

मला वाटलं होतं तेवढा राग काकांना आलाच नाही. म्हणाले, "कायदा त्यांच्या बाजूनं आहे. देवळाला नाही म्हणायचं स्वातंत्र्य आहे. मग मला हो म्हणायचं स्वातंत्र्य आहेच की."

लग्न आमच्या बॅकयार्डमध्ये लागलं. अंतरपाट दूर झाला आणि दोघी हसता हसता रडायला लागल्या. मॅरेज लायसन्सवर लग्न लावणारा म्हणून काकांनी सही केली, मग मठ्ठा चांगला झालाय म्हणाले.

त्यानंतर त्यांना कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. भांडले असते तर उत्तर तरी देता आलं असतं. त्या वर्षी गणपतीच्या प्रतिष्ठापनेला देवळातून नेहमीचा फोन आला नाही, एवढंच. काका पहाटे आंघोळ करून, सोवळं नेसून, फोन समोर ठेवून स्वयंपाकघरात बसले होते. दुपारी कपडे बदलून लॉन कापायला गेले. हे मला काकूंनी सांगितलं, काकांनी कधीच नाही. पुढच्या लग्नांना लोक पुण्याहून मोत्यांच्या काठाचे अंतरपाट मागवू लागले आणि भटजी दुसऱ्या गावाहून. मी भांडायला निघाले तर काका म्हणाले, "आपलेच लोक आहेत गं. येतील."

आले ना. शोकसभेला.

तीही त्याच हॉलमध्ये. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "काकांनी कधी कोणाला परकं मानलं नाही." केतकी आणि रेचल मागच्या रांगेत बसल्या होत्या. रेचलनं छताकडे, मग स्टेजकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "सो दिस इज द हॉल."

सभा संपल्यावर सेक्रेटरी काकूंपाशी आले. काकांची आठवण म्हणून तो अंतरपाट देवळात काचेच्या कपाटात ठेवायचा कमिटीचा विचार होता.

"देते की," काकू म्हणाल्या. "पण धुतलेला नाही हं. शेवटचं लग्न केतकी-रेचलचं झालं, त्यांचं कुंकू आहे त्यावर. ह्यांनी धुऊ दिला नाही. चालेल ना?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कमिटीला विचारून सांगतो," म्हणाले.

परवा काकूंकडे गेले होते. देवघरापुढे काकांचा पाट तसाच मांडलेला आणि त्यावर घडी घातलेला अंतरपाट. मी एक घडी उलगडली, स्वस्तिक अजून लालभडक आहे. "आला का फोन?" मी विचारलं.

"नाही गं." काकूंनी चहा पुढे केला. "तोवर केतकी-रेचलसारखं कोणाचं लग्न निघालं तर सांग हो. कापड आहे घरात."

आता लग्न लावणार कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.