कुंकू लावलेलं बटण

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक मोसंबी नेतात. आमचा सुपरवायझर मोसंबी घेऊन आला आणि त्याच पिशवीत शाईचं पॅडही घेऊन आला. पिशवी त्याने कॉटवर ठेवली तेव्हा मोसंब्यांमधून त्या पॅडचा निळा पत्रा दिसला आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही. मी बारावी शिकलेली बाई. उजव्या हाताला बँडेज होतं म्हणून या माणसाने मला दोन दिवसांत अंगठाबहाद्दर करून टाकलं होतं.

पण त्या दोन दिवसांत काय झालं ते आधी सांगायला हवं.

मी मूळची धाराशिवकडची. लग्नानंतर चाकणला आले ती इथलीच झाले. नवरा हिंजवडीतल्या आयटीवाल्यांची कॅब चालवतो. त्याचं निम्मं आयुष्य तिथल्या ट्रॅफिकमध्ये गेलं आणि माझं प्रेस मशिनसमोर. मोठ्या गाड्यांच्या कंपनीला लागणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा आमच्या छोट्या कंपनीत बनायच्या. मशिनमध्ये पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की वरचा ठोकळा धाडकन खाली येतो. दोन बटणं असतात ती याचसाठी. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात ठोकळ्याखाली जाऊ शकत नाही. ज्याने कुणी हे शोधून काढलं त्याला माणसाच्या बोटांची किंमत ठाऊक असणार.

आमच्याकडे मात्र उजवं बटण कायम दाबलेलं असायचं. लाकडाची पाचर लावायची, वरून काळी टेप गुंडाळायची. मग डाव्या हाताने बटण मारायचं आणि उजव्या हाताने पत्रा घालत राहायचं. काम दुपटीने उरकतं. कोणी सुरू केलं हे, मला माहीत नाही. मी लागले तेव्हा सगळ्याच मशिनी अशा बांधलेल्या होत्या आणि पहिल्याच दिवशी सुपरवायझरने मला शिकवलं होतं, "ताई, एका हाताने घाला, एका हाताने मारा. दोन्ही हातांनी मारत बसलात तर टार्गेट कधी होणार?" टेप सैल झाली की स्टोअरमधून नवी मिळायची. मागायचीही गरज नव्हती, सोमवारी पार्ट्सच्या क्रेटबरोबर टेपचं रीळ यायचंच.

त्या मंगळवारी पहिल्या शिफ्टला टेप सुटली होती. मी नवी गुंडाळली. माझ्याच हातांनी. चहाच्या सुट्टीआधी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं ठोकळ्याखाली गेली.

दुखण्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्याला लागलंय त्याला सांगावं लागत नाही आणि ज्याला लागलेलं नाही त्याला सांगून कळत नाही. पण एक गोष्ट मी पूर्ण शुद्धीत ऐकली. दवाखान्याच्या काउंटरवर डॉक्टरने विचारलं, "कसं झालं?" आणि माझ्या शेजारी उभा असलेला सुपरवायझर पटकन म्हणाला, "घरी. लोखंडी दारात सापडली बोटं." डॉक्टरने तसंच लिहिलं. मला वाटलं ओरडून सांगावं, पण तोंडातून शब्द फुटेना. नंतर मला आत नेलं.

दुपारी आमची घरमालकीण आली. तिला मी मावशी म्हणते. एमआयडीसी यायच्या आधीपासूनच्या गावातलं घर तिचं. आमची कंपनी जिथे उभी आहे तिथे एके काळी तिचं हरभऱ्याचं वावर होतं. ती येऊन बसली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि "जेवलीस का" याच्याऐवजी तिने विचारलं, "कागदावर काय लिवलंय?"

मी सांगितलं. मावशीचं तोंड लालबुंद झालं.

"दारात? मेल्याच्या जिभंला हाड न्हाई. पोरी, ऐक. आमची जिमीन गेली तवा आमी पयला आंगठा दिला आन् मंग वकील केला. वकील म्हनाला, येळंवर आला असता तर काय तरी करता आलं असतं. तवापास्नं ठरवलंय, पयला वकील, मंग कागुद."

"मावशी, आधी हात तरी बरा होऊ दे," माझा नवरा म्हणाला. तो भला माणूस आहे, पण कंपनी म्हटलं की त्याची पाचावर धारण बसते.

"हात व्हईल बरा. कागुद न्हाई व्हायाचा," मावशी म्हणाली आणि तिथेच बसून तिने फोन लावला.

वकीलबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, पिंपरीहून, स्कूटीवर. जमिनीचं काम त्यांच्या वडिलांनी पाहिलं होतं, कामगारांचं त्या बघायच्या. हेल्मेट काढता काढताच त्यांनी केसपेपर मागितला आणि तो घेऊन थेट डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, सोबतच्या माणसाने सांगितलं ते मी लिहिलं.

"पेशंट शुद्धीवर आहे ना? मग पेशंटला विचारा आणि आज विचारलं म्हणून आजची वेळ घालून खाली लिहा. आधीचं खोडू नका."

त्याने विचारलं. मी सांगितलं. आदल्या दिवशी फुटला नव्हता तो आवाज त्या दिवशी असा फुटला की शेजारच्या कॉटवरच्या आजीबाई उठून बसल्या. "कंपनीत झालं. प्रेसवर झालं. आमच्या खोलीला लोखंडी दारच नाही." नर्स हसली. डॉक्टरने लिहिलं आणि पोलिसांना कळवलं. दुपारी हवालदार येऊन माझा जबाब घेऊन गेला. वकीलबाई म्हणाल्या, आठ दिवसांनी हेच सांगितलं असतं तर कुणीतरी शिकवून पाठवलंय असं म्हणाले असते.

मग त्यांनी कॉटच्या कडेला बसून विचारलं, "उजवं बटण कुणी बांधलं होतं?"

या प्रश्नाचीच मला भीती होती. नवरा माझ्याकडे बघत होता.

"मीच," मी म्हणाले. "त्या दिवशी सकाळी मीच."

"बघा," नवरा म्हणाला. "चूक हिचीच आहे. कशाला पुढे जायचं?"

वकीलबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टेप घरून नेली होती?"

"नाही. स्टोअरमधून येते."

"दुसऱ्या मशिनींची बटणं?"

"सगळी बांधलेली."

"म्हणजे तुम्ही बांधलं, पण बांधायचं कंपनीने ठरवलेलं होतं. ते हेच म्हणणार, की बाईने आमच्या नकळत सेफ्टी बंद केली. एव्हाना तिथे नवी बटणं बसलीसुद्धा असतील. त्यांना माहीत होतं याचा काही पुरावा आहे?"

पुरावा कुठला असणार? मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. बरोबरच्या बायकांना नोकऱ्या टिकवायच्या आहेत, त्या काय बोलणार? मी मान हलवली. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं. बोटांसाठी नाही. ते दार खरं ठरणार आणि माझं तोंड खोटं ठरणार, या संतापाने.

"माज्याकडं फोटू हाय की," मावशी म्हणाली.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशिनींची पूजा असते. त्या दिवशी काम बंद. घरची माणसं आत येऊ शकतात, मोबाइलही नेता येतो. मी मावशीला घेऊन गेले होते, कारण तिला बघायचं होतं की आपल्या वावरात आता काय उभं आहे. तिचा म्हातारा त्या बाजूला कधी फिरकत नाही. त्याला दाखवायला म्हणून तिने सगळ्याचे फोटो काढले, पंख्यांचे आणि पाण्याच्या टाकीचेसुद्धा. माझं मशिन मी आदल्या दिवशी पुसून लखलखीत केलं होतं. झेंडूची माळ घातली होती. मालक स्वतः आले, नारळ फोडला आणि मशिनला हळदकुंकू लावलं.

मावशीने फोन पुढे केला. फोटोत मी ताट घेऊन उभी आहे, नवी साडी, दहाच्या दहा बोटं ताटाखाली. शेजारी मालक वाकलेले आहेत. आणि त्यांचं कुंकवाचं बोट नेमकं उजव्या बटणावर टेकलेलं आहे, त्या काळ्या टेपवर. आम्ही कुणीच ती टेप काढली नव्हती. ती तिथे असणं इतकं अंगवळणी पडलेलं की देवाच्या दिवशीही कुणाला खटकलं नाही. मीही मनोभावे नमस्कार केला होता. ज्याने माझी बोटं खाल्ली त्याला.

वकीलबाईंनी तो फोटो तिथेच स्वतःच्या फोनवर घेतला आणि मावशीला बजावलं, "फोन जपा. दुरुस्तीलासुद्धा देऊ नका." मावशीने तो ब्लाउजमध्ये टाकला. मग कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसला त्याच दिवशी अर्ज गेला. मला कंपनीत कामाला लावणाऱ्या ठेकेदाराने माझं नाव कामगार विम्यात घातलंच नव्हतं, म्हणून भरपाईसाठी कामगार न्यायालयात दावा लावायचा ठरलं. वकीलपत्रावर मी डाव्या हाताने सही केली. एका सहीला एवढा वेळ लागला की बाईंचा चहा गार झाला. जाताना त्या एकच सांगून गेल्या. कुणी काही सही मागायला आलं तर करायची नाही.

तिसऱ्या दिवशी, मी घरी आले आणि मोसंबी आली.

सुपरवायझर अगदी मऊ बोलत होता. "ताई, मालकांना फार वाईट वाटलं. बऱ्या झालात की पॅकिंगला घेऊ, बसून काम. फक्त एवढी औपचारिकता." स्टॅम्प पेपरवर टाइप केलेलं होतं, की मी स्वतःच्या मर्जीने, कंपनीला न सांगता, सुरक्षा बटण बांधले आणि माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. म्हणजे दवाखान्यात दार होतं, इथे मर्जी होती. दोन दिवसांत दोन गोष्टी, आणि दोन्हींत कंपनी कुठेच नाही!

"पॅकिंगचं काम देतायत ना," नवरा हळूच म्हणाला. "करून टाक."

"उजव्या हाताला लागलंय, तर डावा अंगठा चालेल," सुपरवायझर म्हणाला आणि त्याने पॅड उघडलं.

"मला लिहाय येतंय, सर," मी म्हणाले. "पेन द्या."

त्याचा चेहरा खुलला. पेन मी डाव्या हातात धरलं. अक्षरं पहिलीतल्या पोरीसारखी आली, एक डोंगरावर आणि एक दरीत, पण त्या छापलेल्या मजकुरावरून आडवं, पानभर, मी लिहिलं, "मान्य नाही." मावशी दारातच उभी होती. त्याने कागद उचलायच्या आत तिने त्याचाही फोटो काढला.

सुपरवायझर उठला. रागाने पिशवीकडे हात नेला, तशी मावशी म्हणाली, "मोसंबी ऱ्हाऊ द्या भाऊ. त्यांचा काय गुन्हा? तुमचं त्ये पॅड मातर न्या."

मोसंबी गोड निघाली. नंतर वकीलबाई रागावल्या, की कागदाला हातच लावायचा नव्हता. मग फोटो बघून खूप वेळ हसत बसल्या.

पॅकिंगचं काम अर्थातच मिळालं नाही. सरकारी माणूस तपासणीला गेला तेव्हा सगळी बटणं नवी कोरी होती. मग तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला नवरा हिंजवडीची ट्रिप सोडून आम्हाला कोर्टात न्यायचा. आपलं चुकलं असं तो कधी म्हणाला नाही, पण गाडीत माझ्या उजव्या हाताखाली ठेवायला त्याने एक छोटी उशी आणली होती. मी ती घेतली. आमच्यात माफी अशीच असते.

निकाल माझ्या बाजूने लागला, तो कागदावर आहे, कुणालाही वाचता येईल. मला सांगायचंय ते वेगळंच. ज्या दिवशी मालकांची साक्ष झाली, त्या दिवशी ते शपथेवर म्हणाले, "टेप लावलेलं बटण मी माझ्या कंपनीत कधीही पाहिलेलं नाही."

वकीलबाईंनी खंडेनवमीचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. अजिबात आवाज न चढवता विचारलं, "ही पूजा तुमच्याच कंपनीतली?"

"हो."

"हे कुंकवाचं बोट कशावर टेकलंय?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बटणावर."

"बटणावर काय आहे?"

ते फोटोवर आणखी वाकले. "टेप."

"आणि हे बोट कुणाचं?"

"माझं."

तेवढ्यात मागच्या बाकावरून मावशी उठून उभी राहिली आणि शेतातून हाळी द्यावी तशा आवाजात म्हणाली, "तुमचं हाय न्हवं जागच्या जागी? मंग हिची कुटं हायती?"

न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं. पुन्हा बोललात तर बाहेर काढावं लागेल म्हणाले. ती बसली. मी मात्र पदराखाली लपवून ठेवलेला उजवा हात काढला आणि समोर टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. तेव्हापासून तो मी कधी झाकलेला नाही.

मावशीचा तो प्रश्न कोर्टाच्या कागदात उतरला नाही. म्हणून इथे लिहून ठेवला, डाव्या हाताने.