काकांच्या हातातला रिमोट
संकटात माणूस देवाकडे वळतो, असं सगळे धर्मग्रंथ सांगतात. मलकपेठच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या भिंतीवर देवाची तसबीरही होती. माझ्या शेजारी बसलेले म्हातारे गृहस्थ मात्र टीव्हीकडे वळले होते. आत त्यांच्या पत्नीच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं आणि पडद्यावर एक बाई मटण शिजवत होती. रिमोट त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"काका, जरा बातम्या लावा की," कुणीतरी म्हणालं.

"माझी बातमी त्या दारातून येणार, बेटा. तोवर हे बघू दे. या बाईचं कधी काही करपत नाही."

दार उघडलं. ऑपरेशन नीट झालं, असं नर्सनं सांगितलं. काका ढसाढसा रडले.

मी म्हणालो, "बसा, कोपऱ्यावरून मटण बिर्याणी आणतो."

"नको हो," डोळे पुसत ते म्हणाले, "आम्ही शाकाहारी."