बाईंची उंच वलणी

द्वारकाबाईंना मी प्रथम पाहिले ते पाठमोऱ्या. मुलुंडच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते आणि मुख्याध्यापकांनी मला त्यांचा तास पाहायला पाठवले होते. बाई टाचा उचलून फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहीत होत्या. तास संपल्यावर मी धीर करून कारण विचारले. खाली लिहिलेले मागच्या बाकांवर दिसत नाही आणि मागे बसणाऱ्या मुलींनाच ते अधिक लागते, असे त्या म्हणाल्या. त्यांची शिकवण्याची सगळी रीत या एका उत्तरात आली.

पुढे त्यांच्याच चाळीत शेजारची खोली आम्हांला मिळाली, तीही त्यांच्या शब्दामुळे. आमचे बिऱ्हाड लागेपर्यंत आम्ही दोघे नवराबायको त्यांच्याच पंक्तीला जेवत होतो. उपकाराची भाषा काढली की बाई आणखी एक पोळी वाढत.

त्यांच्या दुखण्याविषयी अशा गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मला संकोच होता. विचारायला गेले तर म्हणाल्या, “कॅन्सर झाला होता, असं सरळ लिही. बायका लपवतात आणि मग उशीर होतो गं.”

तेव्हा सरळ लिहिते. छातीची शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ क्ष-किरणांचे उपचार सुरू झाले आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शाळेच्या चालकांनी मोठ्या सौजन्याने कळवले की, दिवाळीच्या सुटीनंतरही फळ्यावर लिहिता येत नसेल तर बाईंनी निवृत्त व्हावे. बाईंना यजमान नाहीत, मूलबाळ नाही. वर्ग हाच त्यांचा गोतावळा. तो सुटला तर मागे काही उरत नव्हते.

डॉक्टरांनी बजावले होते की, झेपेल तेवढे चाला, हात हलता ठेवा, रोज थोडा थोडा वर न्या. चाळीला हे मुळीच पटले नाही. आजारी माणसाने पडून राहावे, एवढेच सर्वांना ठाऊक. पलीकडच्या सावंतकाकूंनी तर बाई इस्पितळात असतानाच त्यांची छताशी टांगलेली वलणी दोऱ्या सैल करून छातीच्या उंचीवर आणून ठेवली, म्हणजे काठी न घेता कपडे वाळत घालता यावेत. बाई घरी आल्या, त्यांनी वलणी पाहिली आणि ती पुन्हा वर बांधायला सांगितले.

“बाई, तुमी गप बसान ऱ्हवा. आमी आसव ना,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही आहात म्हणूनच सांगते. मला करू द्या.”

वलणी वर गेली. काठीच्या टोकावर आधी हातरुमाल, मग परकर, असे बाई चढवू लागल्या. दुखे, घाम फुटे. उपचारांनी गळून गेल्या की त्या दिवशी काठी कोपऱ्यात राही आणि बाई सज्ज्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येत. तेही न जमले तर निजून राहत. हट्टाला कुठे आवर घालावा हे त्यांना कळत होते. एकदा ओले लुगडे निसटून थेट काकूंच्या डोक्यावर पडले. बाई हसल्या, कित्येक दिवसांत त्या हसल्या नव्हत्या. काकूंनी ते पिळून पुन्हा बाईंच्याच हातात दिले, स्वतः चढवले नाही.

सुटी संपली. पहिल्या तासाला मी दाराशी उभी होते. बाईंनी खडू घेतला आणि टाचा उचलल्या. हात हळूहळू वरच्या कडेला पोचला. ओळ वाकडी आली, पण वरच आली.

“मागच्यांना दिसतंय ना?” बाईंनी विचारले.

“दिसतंय, बाई,” मागच्या बाकांवरच्या मुली म्हणाल्या.

आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. देवाकडे माझे मागणे एवढेच, की त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे आणि आम्हां शेजाऱ्यांना त्यांची वलणी खाली घेण्याची बुद्धी पुन्हा कधी न व्हावी.