फार्मसीतला अमेरिकेचा फोन

गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन डिचोलीला घरी बसले होते आणि अमेरिकेतल्या चार विद्यापीठांना अर्ज पाठवले होते. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. पूर्ण आर्थिक मदत मिळाल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं, हे मी अर्जातच लिहिलं होतं.

तिघांची पत्रं आली. दोघांनी नकार कळवला होता. तिसऱ्यांनी प्रवेश दिला, पण परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी मदत नाही, असं खाली लिहिलं होतं. ते पत्र वडिलांनी दोनदा वाचलं आणि नीट घडी करून मला परत दिलं.

चौथं पत्र एका प्राध्यापकाचं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवलं, तर फी माफ आणि वर खर्चापुरते पैसे मिळणार होते. मात्र माझं इंग्रजी त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. फोन नंबर कळवा, अमुक गुरुवारी संध्याकाळी साडेसातला फोन करतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

आमच्या घरी फोन नव्हता. रस्त्यावरच्या फार्मसीत होता. फार्मसीवाले काका म्हणाले, "माझा नंबर दे. पण त्या वेळेला ट्रकांचो आवाज आसता, ऐकू येणार कसं?"

खाणीवरून खनिज भरलेले ट्रक दुकानासमोरून एकामागोमाग जायचे. आम्हाला त्याची सवय होती, अमेरिकेतल्या माणसाला कुठून असणार?

गुरुवारी मी सात वाजताच जाऊन बसले. फोन वाजला. पलीकडे ऑपरेटर, मग प्राध्यापक. त्यांनी नाव सांगितलं तेवढंच कळलं, पुढचं सगळं ट्रकच्या धडधडीत गेलं. मी "पार्डन" म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज रडवेला झाला.

काका काउंटर ओलांडून थेट रस्त्यात जाऊन उभे राहिले. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर सावंतवाडीकडचा होता. त्याला त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्या चेडवाक अमेरिकेतसून फोन इलोसा. धा मिनिटां गाडी बंद कर."

त्याने इंजिन बंद केलं. मागच्यांनी हॉर्न वाजवले, तेव्हा तो खाली उतरून एकेकाला सांगत मागे गेला. हळूहळू रस्ता शांत झाला.

प्राध्यापकांनी विचारलं, "प्रयोगशाळेत कधीच न गेलेल्या मुलाला टायट्रेशन कसं समजावशील?" मी समजावलं, ते बरं जमलं. मग म्हणाले, "याआधी कुणाला शिकवलंयस?" खोटं सांगायचं मनात आलं. पण मी "नाही" म्हटलं. आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

मी बाहेर आले तर ट्रकांची रांग वळणापर्यंत गेली होती. पहिल्या ड्रायव्हरने विचारलं, "झाला गो बाय?"

"बोलले. पुढचं माहीत नाही."

"देतले, देतले," असं म्हणून त्याने गाडी सुरू केली.

त्यांनी दिलं नाही. शिकवण्याचा अनुभव असलेल्या दुसऱ्या कुणाला ती जागा गेली. वर्षभर कुठेतरी शिकवा आणि पुन्हा अर्ज करा, वचन मात्र देता येणार नाही, असं प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मी ते पत्र पेटीच्या तळाशी टाकलं. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "तो माणूस सरळ दिसतो. ऐकून बघ त्याचं."

मी पेडण्याच्या एका उच्च माध्यमिक शाळेत वर्षभर शिकवलं. सुरुवातीला मुलं कंटाळायची, मग प्रश्न विचारू लागली. पुढच्या अर्जात मी तेच लिहिलं. या खेपेला फोन आलाच नाही. सरळ पत्र आलं, फीमाफी आणि शिकवण्याच्या कामासकट.

वडिलांनी ते वाचलं आणि विचारलं, "या पैशांत जेवणखाण बसतं का?"

"आपण शिजवलं तर बसतं."

मला चहापलीकडे काही येत नव्हतं. आईने त्याच संध्याकाळी मला चुलीपुढे बसवलं.