मधे कोण वाचतं?

“सर, मुंबईचा ट्रंककॉल हाय. बाई रडतायत, लगेच घ्या,” कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कमलताई म्हणाल्या आणि त्यांनी लाइन जोडून दिली. पलीकडे नलिनीची धाकटी बहीण होती. “वसंतदादा, ताई गेली... सकाळी चहा घेता घेता,” एवढंच ती बोलू शकली. प्रयोगशाळेत बीएस्सीच्या मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. मी फोन ठेवला आणि समोरच्या टेबलावरच्या बर्नरची ज्योत उगाचच कमी केली. दुसरं काय करावं ते सुचेना. याला आता काही आठवडे झाले.

नलिनी आणि मी कर्जतच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे ती भौतिकशास्त्राकडे वळली आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गेली; मी रसायनशास्त्र शिकून गावात परतलो, इथल्या कॉलेजात शिकवू लागलो. मग केव्हातरी देशातल्या संशोधन संस्थांचे आणि विद्यापीठांचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारांनी एकमेकांना जोडायचं काम सुरू झालं आणि नलिनी त्यात पुरती बुडून गेली. “अरे वसंता, मद्रासच्या माणसाला प्रश्न विचारला आणि जेवून येते तो उत्तर हजर!” हे सांगताना पन्नाशीच्या जवळ आलेली ही बाई शाळकरी मुलीसारखी टाळी द्यायची. मोठ्या संस्था एकमेकींशी आधीपासूनच बोलतात, तार खरी लहान गावातल्या कॉलेजांना हवी, असा तिचा हट्ट होता. तो तिने संस्थेतल्या वरिष्ठांच्या गळी उतरवला आणि एक जुना कॉम्प्युटर आमच्या प्रयोगशाळेत आणून बसवला. सोबत फोनला जोडायचा मोडेम. पहिल्या दिवशी त्यावरून आमचं पत्र निम्मं गेलं असेल नसेल, तोच कमलताई मधे बोलल्या, “अवो सर, लाइनीवर कोन बोलतच नाय, नुसती किरकिर हाय. तोडू का?” आणि त्यांनी तोडलीसुद्धा. नलिनी हसून हसून खुर्चीत कोसळली. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन ती स्वतः एक्स्चेंजमध्ये गेली आणि कमलताईंना सगळं समजावून आली.

त्याच सुमारास खालापूरकडचे गोविंद पाटील माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा आमच्या कॉलेजात शिकून गेलेला. गावाच्या वरच्या अंगाला नवा रसायनांचा कारखाना झाला होता. “सर, म्हशी वड्याच्या पान्याला तोंड लावीत नाय. दोन मेल्या. तुमी एकदा बघा की,” पाटील म्हणाले. मी ओढ्याचे नमुने आणले, तपासले. आकडे बघून माझाच विश्वास बसेना. पुन्हा तपासले. पाण्यात पारा होता. सरकारी तपासणी मागायची तर मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञाचा दुजोरा हवा, म्हणून नलिनीच्या ओळखीच्या एका शास्त्रज्ञांना मी ते आकडे आणि नमुन्यांच्या जागा कॉम्प्युटरच्या तारेवरून पत्राने पाठवल्या. कारखान्याला कळायच्या आत तपासणी व्हावी, म्हणून गावातही कोणाला काही बोललो नाही.

आठवडा गेला असेल. कारखान्याचे एक अधिकारी प्रयोगशाळेत आले. माणूस सभ्य, हातात मिठाईचा पुडा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “सर, आंब्याच्या झाडाखालच्या नमुन्यात पारा जरा जास्तच दाखवलात. बाटली नीट धुतली होती ना?” ते झाड मी त्याच एका पत्रात लिहिलं होतं.

नलिनीला फोनवर सांगितलं. तिने शोध घेतला. पत्र एका कॉम्प्युटरवरून निघून दुसऱ्यावर जाताना मधे मुंबईच्या मशीनमध्ये थांबतं. तिथे थांबलेल्या पत्रांच्या प्रती काढून ठेवायच्या, असा तोंडी हुकूम होता. त्या प्रती कोणाकोणाच्या टेबलावर जातात, हे तिला कोणी सांगेना. तिने बैठकीत विचारलं, तर एक वरिष्ठ म्हणाले, “अहो बाई, ही शास्त्रज्ञांची पत्रं आहेत, प्रेमपत्रं नव्हेत.” सगळे हसले म्हणे.

शास्त्रज्ञांचा दुजोरा आला, तपासणीचं पथकही आलं. तोवर कारखान्याचा ओढ्यात सोडलेला सांडपाण्याचा पाइप जागेवर नव्हता. त्या ठिकाणी ताजी माती टाकून वर हिरवळ लावलेली. ओढा स्वच्छ! पथक चहा पिऊन परत गेलं. संध्याकाळी गोविंद पाटील माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं, तर आले नाहीत. “सर, तुमच्याबिगर कोनाला ठाव नव्हतं,” एवढंच म्हणाले आणि चपला ओढत निघून गेले. त्यानंतर त्या गावात मला कोणी पाणीही विचारेना.

हे कळल्यावर पुढच्याच रविवारी नलिनी आली. मी नको नको म्हणत असताना मला घेऊन त्या गावात गेली. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. ती उभी राहिली आणि म्हणाली, “सरांनी कोणाला काही सांगितलेलं नाही. बातमी माझ्या मशीनमधून फुटली. ते मशीन चांगलं आहे, हे मीच सगळीकडे सांगत फिरत होते.” मग मागून एका म्हातारीने विचारलं, “मंग बाई, त्ये मशीन आता बंद करनार का?” नलिनी म्हणाली, “नाही आजी. ते आता वाढतच जाणार.”

ती गावात जे बोलली, ते मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. तिच्याकडचं तारेचं काम काढून तिला संस्थेच्या ग्रंथालयात बसवलं. आम्ही शेवटचे भेटलो तेव्हा ती खूप वाळली होती. उल्हास नदीच्या घाटावर बसून म्हणाली, “वसंता, आज या तारेवर मूठभर माणसं आहेत. उद्या सगळा देश येईल. डॉक्टर, वकील, नवरा-बायको... सगळे. मधे कोण वाचतं, हे आज ठरलं नाही, तर तेव्हा कोणी विचारणारसुद्धा नाही.” मी म्हटलं, “तू विचारतेयस ना.” ती पाण्याकडे बघत राहिली.

गेल्या आठवड्यात कॉलेजात नवी, कायमची लाइन आली. आता कमलताईंची गरज नाही. जोडायला आलेला तरुण हुशार होता. मी त्याला विचारलं, “पत्र मधे कुठे थांबतं? तिथे कोण वाचू शकतं?” तो हसला. “सर, तुमची पत्रं वाचायला वेळ कोणाला आहे? आणि घाबरू नका, घेणारा नसेल तर पत्र आपोआप परत येतं.” तो गेल्यावर मी एकटाच स्क्रीनसमोर बसलो. बोटांना नलिनीचा पत्ता पाठ होता. लिहिलं, “नलिनी, लाइन आली.” आणि पाठवून दिलं.

रोज सकाळी प्रयोगशाळा उघडली की आधी तेच बघतो. ते पत्र अजून परत आलेलं नाही...