परसातली डोलकाठी

गेल्या रविवारी सकाळी, तंजावूरच्या आमच्या परसात, नारळ उतरवणाऱ्या एका माणसाला मी तीनशे रुपये ठरवून बोलावले. हजर होतो मी, बायको आणि मुलगी. मुलीची शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर निवड झाली होती. पण तिला गच्चीवरही चक्कर यायची, आणि डोलकाठी चढता न येणाऱ्याला तिथून परत पाठवतात; म्हणून हा नारळाच्या झाडावरचा सराव.

"त्या काठीवर नारळ किती लागतात?" त्याने तमिळमध्ये विचारले.

"एकही नाही. वर चढून शीड सोडायचे, मग जहाज वाऱ्यावर चालते."

"इंजिन नाही, सार?"

"आहे."

त्याने डोक्याचा पंचा सोडून पुन्हा बांधला. गाईला थोपटावे तसे खोड थोपटले, मुलीच्या कमरेला दोर बांधला आणि तिला घेऊन चढला. शेंड्याजवळ पोचल्यावर त्याने दुसरा दोर झाडाला बांधून खाली सोडला.

"तिकडची काठी हलणार. सार, तुम्ही समुद्र व्हा."

हिशेबखात्यातल्या माणसाला असे कुणी सांगत नाही. मी कमरेची वेष्टी लुंगीसारखी वर खोचून दोर ओढू लागलो.

"सार, हे तर तळे झाले," तो वरून म्हणाला.

बायकोही दोराला लागली. झाड डोलू लागले. मुलीने डोळे मिटले, मग उघडले आणि चक्क खाली बघितले.

"अप्पा, आणखी जोरात!"

उतरल्यावर त्याने तीनशे रुपये आणि रिवाजाचे दोन नारळ घेतले. त्यातला एक माझ्या हातात ठेवला.

"समुद्राची मजुरी, सार."

बायकोने आपली मागितली, तेव्हा त्याने दुसराही तिला देऊन टाकला.